वेदर रेडिओ घ्यायचा ठरवलं, त्याची सांगलीतली अडीच महिन्यांची खटपट

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये ५४ च्या वर. दोन्ही वेळा गावभागातल्या घरांत एकच रड होती: लाईट गेली, मग मोबाईलची रेंज गेली, आणि 'पाणी अजून किती चढणार' हे सांगायला गल्लीतल्या अफवा तेवढ्या उरल्या. म्हणून यंदा मार्चअखेर ठरवलं की पावसाआधी घरात टेबलावर ठेवायचा, इशारा देणारा रेडिओ आणायचा. वाटलं होतं दोन दिवसांचं काम. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेलं ते १६ जूनला संपलं. कुठे वेळ गेला आणि कुठे पैसे, ते क्रमाने लिहितो.

सुरुवात चुकीच्या डब्यापासून झाली. अमेरिकेहून आलेल्या नातेवाइकांनी मिडलँड कंपनीचा डब्ल्यूआर-१२० आणून दिला होता. तिकडे चक्रीवादळाच्या पट्ट्यात घरोघरी असतो तसला. ५ एप्रिलला तो उघडला. ॲडॉप्टरवर बारीक अक्षरांत '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' असं होतं. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घालायचाच नाही, धूर निघतो. (ॲडॉप्टरवर '१००-२४० व्होल्ट' असं लिहिलेलं असेल तरच लावावा.) सेट ३ पेन्सिल सेलवरही चालतो, म्हणून सेल घातले. सातही चॅनेल फिरवून पाहिले. सगळीकडे खरखर.

सेटमध्ये बिघाड नव्हता. अमेरिकेच्या हवामान खात्याची वेगळी ध्वनिक्षेपण केंद्रं आहेत. ती १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, सात ठरलेल्या चॅनेलवर चोवीस तास बोलत असतात. धोका आला की केंद्र आधी आकड्यांचा एक संदेश तीनदा पाठवतं. माणसाला तो चिरचिर ऐकू येतो, सेटला मात्र त्यातून कुठल्या जिल्ह्यासाठी कसला इशारा आहे ते कळतं. मग १०५० हर्ट्झचा लांब सूर, मग माणसाचा आवाज. आपण सेटमध्ये आपल्या जिल्ह्याचा सहा आकडी क्रमांक भरून ठेवायचा. तो क्रमांक आला की गप्प बसलेला सेट मध्यरात्रीही बोंबलून उठतो. सगळी करामत त्या केंद्रात आहे, डब्यात नाही. आपल्याकडे त्या पट्ट्यावर तसं केंद्रच नाही, सांगलीला तसला क्रमांकही नाही. शिवाय या मॉडेलला साधं मीडियम वेव्ह किंवा एफएमसुद्धा नाही. सांगलीत त्याचा उपयोग गजराचं घड्याळ म्हणून.

हे कळूनही पुढची चूक झालीच. ऑनलाइन बघताना 'इमर्जन्सी वेदर रेडिओ', हँडल फिरवून चार्ज होणारा, वर सोलरची पट्टी, बाजूला टॉर्च, असले सेट दिसतात. १२ एप्रिलला त्यातला एक १,८९९ रुपयांना मागवला, १७ ला आला. त्याच्या बटणावर 'डब्ल्यूबी' लिहिलेलं होतं, म्हणजे तोच अमेरिकन पट्टा. विकणाऱ्याच्या पानावर 'हवामानाचा इशारा भारतभर' असं ठळक होतं. हँडल मिनिटभर गरागरा फिरवलं की मध्यम आवाजात पाच-सहा मिनिटं चालायचा. सोलरची पट्टी तळहाताएवढी, पावसाळी आभाळाखाली ती शोभेचीच. आतली लिथियम बॅटरी बदलता येत नाही, दोन-तीन वर्षांत ती मेली की डबा फेकायचा. एफएम ठीक होतं, मीडियम वेव्हवर सांगली आकाशवाणी खरखरीतून शोधावी लागत होती. परत पाठवला. विकणारा 'बिघाड नाही तर परत घेणार नाही' म्हणाला. तेव्हा त्याच्याच पानाचा फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा क्रमांक त्याला कळवला. अकराव्या दिवशी पैसे परत आले. मागवण्याआधी पानाचा फोटो काढून ठेवावा, नंतर मजकूर बदलतो.

या दोन फेऱ्यांनंतर प्रश्न नीट मांडला. अमेरिकन डबा दोन कामं एकट्याने करतो: झोपलेल्याला उठवतो आणि उठल्यावर काय झालंय ते सांगतो. आपल्याकडे ही दोन कामं दोन वस्तूंकडून करून घ्यावी लागतात. उठवायला मोबाईल, आणि लाईट-रेंज गेल्यावर सांगत राहायला साधा, दणकट रेडिओ. म्हणून रेडिओ निवडताना वेदर, अलर्ट, एसओएस या बटणांकडे बघायचंच नाही. बघायच्या तीन गोष्टी: घरात ठेवायच्या जागी सांगली केंद्र स्वच्छ लागतं का, वाण्याकडे मिळणाऱ्या सेलवर किती दिवस चालतो, आणि अंधारात घरातल्या कुणालाही लावता येतो का.

मे महिन्याचा पहिला पंधरवडा दुकानं फिरण्यात गेला. नव्या चकचकीत दुकानांत रेडिओ म्हटलं की ब्लूटूथ स्पीकर पुढे करतात. त्यांत एफएम असतं, मीडियम वेव्ह नसतं. खरे सेट मिळाले ते रेडिओ दुरुस्तीच्या जुन्या दुकानात. तिथले काका म्हणाले, "वेदरबिदर इथं काही लागत नाही. आकाशवाणी लागली म्हंजे झालं. सेल कुठले लागतात ते बघा आधी." एप्रिलभर जे वाचलं होतं ते सगळं या तीन वाक्यांत होतं.

दुकानात तपासायची एक बारीक गोष्ट, जी खोक्यावर कुणी लिहीत नाही. आपल्याकडे मीडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या पायरीने बसवलेली आहेत. सांगली १२५१, पुणे ७९२, दोन्ही आकडे ९ ने भाग जाणारे. अमेरिकेत पायरी १० ची. तिथल्या बाजारासाठी बनलेला डिजिटल सेट १२४०, १२५०, १२६० अशा उड्या मारतो. सांगली १२५० वर एका किलोहर्ट्झच्या फरकाने कशीबशी ऐकू येते, पण पुण्यासाठी ७९० वर थांबलं की आवाज घशात अडकल्यासारखा येतो. काही सेटमध्ये मागे किंवा मेनूत ९/१० ची अदलाबदल असते, काहींत नसते. नातेवाइकांकडून परदेशातून सेट मागवणार असाल तर हे आधी विचारा. काटा फिरवायच्या जुन्या पद्धतीच्या सेटला ही भानगडच नाही.

काटा की आकडे, यावर घरात दोन तट पडले. आकड्यांच्या सेटमध्ये केंद्र बटणावर साठवता येतं, आजींना एक बटण दाबलं की झालं. पण सेल उतरले की असा सेट एकदम बंद पडतो. काट्याचा सेट आवाज बारीक करत, कुरकुरत का होईना, आणखी बराच वेळ बोलतो. शेवटी काट्याचाच घेतला. १२५१ कुठे येतं तिथे काचेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, कोल्हापूरच्या १०२.७ एफएमला दुसरा. साताऱ्याच्या आसपास राहणाऱ्यांनी १०३.१ ला द्यावा.

१८ मे ला तीन सेट घरी आणले, 'दोन दिवसांत दोन परत' या बोलीवर. असं द्यायला दुकानदार तयार होतात, अनामत ठेवावी लागते. इथे ५०० रुपये ठेवली. सेट दुकानात कसा वाजतो याला काही अर्थ नाही. तुमच्या भिंती, तुमचे बल्ब, तुमचा इन्व्हर्टर यांच्यात तो कसा वाजतो ते बघायचं.

संध्याकाळी सात वाजता, घर नेहमीसारखं चालू असताना, तिन्ही सेट स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर १२५१ वर लावले. तिन्हींत भुंग्यासारखी गुणगुण. सेट वाईट म्हणून परत करायच्या आधी एकेक बटण बंद करत गेलो. फ्रिज बंद, फरक नाही. ट्यूब बंद, किंचित फरक. कट्ट्यावरचा ९ वॅटचा स्वस्त एलईडी बल्ब बंद केला आणि गुणगुण चाकूने कापल्यासारखी थांबली. एलईडीच्या आत जी बारकी सर्किट असते ती मीडियम वेव्हच्या पट्ट्यात कचरा टाकते, मोबाईलचे चार्जरही टाकतात. बल्ब बदलला, ११० रुपये. मग मेन स्विच पाडून घर इन्व्हर्टरवर घेतलं. हा जुना चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर, त्याने गुरगुर सुरू केली. वायर भिंतीत लावलेल्या सेटमध्ये ती जास्त होती, सेलवर चालणाऱ्यात कमी. पुराच्या दिवसांत रेडिओ सेलवरच चालवायचा हे तिथेच ठरलं. सगळं बंद करून नुसत्या सेलवर ऐकलं तेव्हा तिन्ही सेट स्वच्छ.

सेट फिरवून बघणं लोक विसरतात. मीडियम वेव्हची अँटेना बाहेर ओढायची दांडी नव्हे, ती एफएमसाठी. मीडियम वेव्हची अँटेना सेटच्या पोटात आडवी असते, काळी पेन्सिलीएवढी फेराइटची कांडी, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. कांडीची लांब बाजू केंद्राकडे असली की आवाज भरतो, टोक केंद्राकडे गेलं की पडतो. ओट्यावर सेट हळूहळू फिरवत नेला की एका जागी आवाज अचानक खोल जातो. ती जागा सापडली की तिथून काटकोनात फिरवून ठेवायचा. हीच युक्ती उलटीही चालते: शेजारच्या इन्व्हर्टरची गुरगुर येत असेल तर कांडीचं टोक त्याच्याकडे करा. लोखंडी कपाटावर किंवा फ्रिजवर सेट ठेवू नये.

सांगली केंद्र जवळ असल्याने दिवसा तिन्हींत लागलं. खरी परीक्षा पुण्याच्या ७९२ ची. सांगलीचं केंद्र काही कारणाने बंद झालं तर दुसरं ऐकू यायला हवं. दिवसा एकाच सेटमध्ये बातम्या समजण्याइतकं पुणे आलं, रात्री नऊनंतर तिन्हींत आलं. तोच सेट ठेवला: २,३५० रुपये, ४ जाडे सेल, शिवाय थेट २३० व्होल्टची वायर. जीएसटीचं पक्कं बिल घेतलं, गॅरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख समोरच मारून घेतली. ज्या सेटला वेगळा ॲडॉप्टर असतो त्या ॲडॉप्टरवर बीआयएसचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, नसला तर घेऊ नका.

सेलचा हिशेब असा. मल्टिमीटर लावून बघितलं तर बारीक आवाजात सेट ४० मिलीअँपिअरच्या आसपास ओढतो, खोलीभर ऐकू येईल एवढ्या आवाजात ६०-७०. दिवसाचे दहा तास ६० धरले तर ६०० मिलीअँपिअर-तास झाले. साधा जाडा सेल एवढ्या कमी भारावर ५,००० च्या आसपास देतो, म्हणजे आठवडा आरामात निघतो. पेन्सिल सेलवरचा सेट असता तर चांगल्या अल्कलाइन सेलवरही तीन-साडेतीन दिवस. सेल चार घातले म्हणजे चौपट दिवस असं नाही. ते एकापाठोपाठ जोडलेले असतात, व्होल्ट वाढतात, दिवस नाहीत. आठ सेल घेतले, चार वापराला आणि चार राखीव. मात्र सेल सेटमध्ये घालून ठेवायचे नाहीत. साधे जस्ताचे सेल पाझरतात, हिरवट-पांढरं मीठ स्प्रिंगवर चढतं आणि ऐनवेळी सेट मुका होतो. ते वेगळ्या झिपच्या पिशवीत, वर आणल्याची तारीख. स्प्रिंगवर मीठ चढलंच असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा बोळा फिरवून कोरडं करायचं, बारीक सॅंडपेपर मारायचा. दुरुस्तीवाले काका याचेच ८० रुपये घेतात.

आता उठवण्याचं काम. मोबाईलमध्ये सेल ब्रॉडकास्टचे (टॉवरवरून एकदम सगळ्या फोनवर जाणारे) इशारे येतात, २०२३ मध्ये त्यांचे चाचणी संदेश अनेकांच्या फोनवर कर्कश वाजले होते. बऱ्याच जणांनी त्या आवाजाला वैतागून सेटिंगमधून ते बंद करून टाकले. ते आधी चालू करा: सेटिंगमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सी, त्यात वायरलेस इमर्जन्सी अलर्ट. याला इंटरनेट लागत नाही, टॉवर जिवंत असेपर्यंत संदेश येतो. जोडीला राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप, आणि विजांसाठी 'दामिनी'. रात्री फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाकण्याची सवय असेल तर या ॲपना त्यातून सूट द्यावी लागते. हे २ जूनला घरातल्या चारही फोनवर केलं. एकेका फोनला वीस मिनिटं गेली, कारण बॅटरी वाचवणारी सेटिंग ॲपना मागून झोपवते. तीही बंद करायची.

इथे सांगलीकरांची एक खास गोम आहे, आणि ती न कळल्याने लोक फसतात. हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग सांगली जिल्ह्यासाठी हिरवा असू शकतो, बाहेर ऊन पडलेलं असू शकतं, आणि तरी पाणी पायरी चढत असतं. आपला पूर आपल्या पावसाचा नसतो. तो महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर इथल्या पावसाचा असतो. म्हणून ॲपमध्ये सांगलीबरोबर साताराही जोडा. साताऱ्याच्या घाटमाथ्याला नारंगी किंवा लाल म्हणजे आपल्यासाठी इशारा. नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. 'अतिवृष्टी'सारखे शब्द बातमीत सैल वापरतात, हवामान खात्याचे आकडे मात्र ठरलेले आहेत: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. अमेरिकन सेटमध्येही लोक स्वतःच्या जिल्ह्याबरोबर शेजारच्या जिल्ह्यांचे क्रमांक भरतात, तेच हे.

रेडिओवर काय ऐकायचं तेही ठरवून ठेवावं, नाहीतर नुसता आवाज चालू राहतो. आमच्या घरात तीन आकडे वहीत उतरवतात: आयर्विनची पातळी, कोयनेचा विसर्ग, वारणेचा विसर्ग. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, सहा वक्र दरवाजे. नुसत्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडले तर घाबरायचं कारण नाही, दरवाजे किती फूट उचलले ते ऐकायचं. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते, म्हणजे सांगलीच्या खाली. तरी तिच्याकडे लक्ष ठेवायचं, कारण ती फुगली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा येतो. पुण्याच्या सकाळी ७:१० च्या प्रादेशिक बातम्या हा वहीतल्या दिवसाचा पहिला आकडा. पातळी ३५ च्या वर गेली की दर तीन तासांनी एकाने ऐकायचं, रात्रीच्या पाळ्या लावून. एकदा दरवाजे उघडले की लगोलग पाणी येत नाही, ते कराडवरून खाली यायला वेळ लागतो. सामान हलवायला तोच वेळ मिळतो.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक ५ जूनला लावून पाहिला. एका मोबाईलवरून लागलाच नाही. आधी ०२३३ लावल्यावर लागला. फोनमध्ये तो तसाच, कोडसकट साठवा. ११२ आणि महावितरणचा १९१२ सेटच्या बुडाला चिकटपट्टीखाली लिहून चिकटवले आहेत. शाईने नको, पेन्सिलीने. शाई ओलाव्याने पसरते.

जागा ठरवताना वाद झाला, कारण सोयीची जागा तळमजल्यावरचं देव्हाऱ्याशेजारचं शेल्फ होतं. २०१९ ची पाण्याची रेघ त्याच्या वीत-दीड वीत वर आहे. सेट वरच्या मजल्यावर गेला, इन्व्हर्टरही. इन्व्हर्टर वर चढवायला इलेक्ट्रिशियनने वायरिंगसकट १,६०० रुपये आणि बॅटरी उचलायला दोन माणसं घेतली. ट्यूबलर बॅटरी साठ किलोच्या घरात जाते, जिन्यावरून एकट्याने प्रयत्न करू नये आणि आडवीही करू नये, आम्ल सांडतं. वरच्या मजल्यावर १२५१ परत तपासलं. तिथे कांडीची दिशा वेगळी निघाली, म्हणून कपाटावर खडूने सेटच्या पायांच्या खुणा केल्या.

एकूण खर्च: सेट २,३५०, आठ सेल २८०, बल्ब ११०, इन्व्हर्टरचं काम १,६००. ऑनलाइन सेटचे पैसे परत आले, पण परत पाठवायचं कुरिअर १४० रुपये पदरचं.

१५ जूनला रात्री साडेनऊला मेन स्विच पाडला, इन्व्हर्टरही बंद केला, चारही फोन विमान मोडवर, आणि घरातल्या प्रत्येकाला अंधारात एकेकट्याने सेल घालून सांगली लावायला सांगितलं. आजींना तीन मिनिटं लागली, सर्वांत कमी. कॉलेजातल्या मुलाने दोन सेल उलटे घातले आणि काटा एफएमवर ठेवून १२५१ शोधत बसला. दुसऱ्या दिवशी सेलच्या कप्प्यात अधिक-उणेच्या खुणा पांढऱ्या रंगाने मोठ्या केल्या आणि मीडियम वेव्हच्या बटणावर पेरूच्या बीएवढा एम-सीलचा गोळा चिकटवला, बोटाला लागेल असा.